खूणगाठ आणि एकाग्रता

आपला व्यापारी बंधू बहुधा एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. राहुरीच्या पेठेत हात तराजूवर, तर मन दुपारच्या धनादेशावर, वीस तारखेच्या जीएसटी विवरणपत्रावर किंवा कांद्याच्या पट्टीवर. पुढे करावयाचे काम ध्यानात धरणे हीदेखील स्मरणशक्तीच. मात्र तिचा भार हातातील कामावर पडतो. मानसशास्त्रज्ञ रिबेका स्मिथ यांनी २००३ साली प्रयोगाने दाखविले की, ‘विशिष्ट शब्द दिसताच अमुक करायचे’ एवढेच मनात ठेवले तरी, तो शब्द समोर नसतानाही, चालू काम मंदावते.

बँकेत असा भार कोणाच्या डोक्यावर ठेवीत नाहीत. मागणी वचनचिठ्ठीवर दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची. त्या अवधीत कर्जदाराची लेखी कबुली वा भरणा नोंदला गेला नाही, तर दावा मुदतबाह्य होतो. म्हणून अशा तारखा ड्यू डेट डायरीत नोंदवितात. अधिकारी बदलला तरी डायरी बदलत नाही.

आपल्या पूर्वजांनाही हे मर्म ठाऊक होते. गंठिसहियं पच्चक्खाणात वस्त्राची गाठ सोडीपर्यंत आहाराचा त्याग असतो. मुट्ठिसहियंमध्ये मूठ वाळून नवकार म्हटल्यावरच आहार घेता येतो. संकल्प केवळ मनावर न सोपविता तो गाठीशी, मुठीशी जोडलेला आहे. मराठीतील ‘खूणगाठ’ हा शब्द तरी दुसरे काय सांगतो?

मासिकाम्पो आणि बाऊमायस्टर यांच्या २०११ च्या संशोधनाचा निष्कर्षही लक्षणीय आहे. अपुरे काम मनात वारंवार डोकावते. परंतु ते कधी, कोठे, कसे करायचे याची निश्चित योजना ठरताच, काम पूर्ण होण्यापूर्वीच, हे डोकावणे ओसरते.

सामायिकाच्या ४८ मिनिटांत उधारी आठवते, अशी तक्रार अनेकजण करतात. त्यांनी बसण्यापूर्वी कागदावर लिहावे. ‘वसुली करायची’ एवढ्याने भागत नाही; ‘दुकानाचे शटर उघडताच पहिला फोन अमक्यांना’ असे लिहावे. हाच कागद रात्री ताटावर बसण्यापूर्वीही उपयोगी पडेल. मुले शाळेतली हकिगत सांगत असतात, वडील ‘हं, हं’ म्हणत असतात आणि मन मात्र पेढीवर असते. मुलांना ते कळते. थकलेली उधारी उद्या मागता येते. आज न ऐकलेली हकिगत मुले पुन्हा सांगतीलच असे नाही.