उत्तर लिहून देऊ नका, जवळ बसा

रमजानमध्ये घराचे वेळापत्रकच बदलते. पहाटे सहेरी, दिवसभर रोजा, सायंकाळी इफ्तार, रात्री तरावीह. या धावपळीत सहावी-सातवीतल्या मुलाचा गृहपाठ मागे पडतो. चांद्र कालगणनेमुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या तो वार्षिक परीक्षांच्या तोंडावर येतो आहे. राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पुनर्परीक्षेतही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहते. मग घाई होते. आई किंवा मोठी बहीण वही ओढून घेते आणि स्वतःच उत्तर लिहून टाकते. वही पूर्ण होते, मूल होते तिथेच राहते.

उर्दू माध्यमाच्या मुलांचे मराठीचे उदाहरण घ्या. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. उर्दूतली 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून मूल 'माझी पुस्तक' लिहिते. तुम्ही खोडून 'माझे' केले, तर पुढच्या ओळीत 'माझा घर' येते, कारण उर्दूत घर पुल्लिंगी आहे. त्यापेक्षा त्यालाच तो, ती, ते असे तीन रकाने आखायला सांगा आणि धड्यातले शब्द त्यात भरू द्या. चार दिवसांत त्याचा कान तयार होईल.

'आम्हालाच मराठी येत नाही,' असे अनेक पालक म्हणतात. हरकत नाही. इफ्तारनंतर इशाच्या नमाजपर्यंत वेळ असतो. त्यातला अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून मुलाजवळ बसा. 'आज काय शिकवले, मला उर्दूत समजावून सांग,' एवढेच म्हणा. जिथे तो अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी त्याने शिक्षकांना विचारायचा.

नाहीतर शेजार आहेच. हिजरी सन 2 च्या रमजानमध्ये, म्हणजे इ.स. 624 मध्ये, बद्रची लढाई झाली. मक्केच्या ज्या कैद्यांकडे सुटकेसाठी पैसे नव्हते, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरल्याचे इस्लामी इतिहासात सांगितले जाते. शिकवणारे दुसऱ्या धर्माचे होते आणि कालपर्यंत समोर तलवार घेऊन उभे होते. तरीही मुले त्यांच्यापुढे बसली. मग शेजारच्या काकूंकडे मराठीची वही घेऊन जायला आपल्याला संकोच कशाचा? आणि त्यांच्या नातवाचे गणित अडले, तर आपली कॉलेजात जाणारी मुलगी का बसू नये त्याच्याजवळ?

ईदला शिरखुर्मा शेजारी जातोच. त्याआधी वही जाऊ द्या.