तरुणांची मंडळे एकाच साच्याची नकोत

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या शहरांत आणि भोवतालच्या खेड्यांत गल्लोगल्लीच्या तरुण मंडळांना जाग येते. वर्गणीची पावतीपुस्तके छापली जातात, मांडव उभे राहतात, रात्री जागविल्या जातात. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांतही हाच उत्साह ओसंडत असतो. या उत्साहाला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्या तरुणांना गल्लीतील अठरापगड माणसे एकत्र आणता येतात आणि हजारोंची मिरवणूक पार पाडता येते, त्यांच्या अंगी संघटनेचे गुण आहेत, हे उघडच आहे. परंतु विसर्जन होऊन मांडव उतरला म्हणजे हे गुण वर्षाच्या उरलेल्या साडेतीनशे दिवसांत कोठे जातात, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी स्वतःस कधी विचारला आहे काय?

आमच्या मते या निद्रेचे कारण तरुणांच्या आळसात नाही. आपण मंडळाचा एकच साचा ओळखतो, हे खरे कारण आहे. एक अध्यक्ष, एक फलक, एक उत्सव आणि त्या फलकावर पुढाऱ्यांची छायाचित्रे! ज्याला ढोल वाजविण्याची हौस आहे त्याला या साच्यात जागा मिळते. पण ज्याला वाचनाची गोडी आहे, यंत्रे खोलून पाहण्याचा नाद आहे, रानावनांत हिंडावेसे वाटते, त्याने जावे कोठे? आणि मुलींनी? मंडळ म्हणजे संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली मुले, असे समीकरण रूढ झाल्यावर निम्मी तरुण पिढी पहिल्याच पायरीवर बाहेर राहते, याची खंतही कोणास वाटेनाशी झाली आहे.

वास्तविक नाना प्रकारच्या मंडळ्यांची परंपरा या मातीला नवीन नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे 1843 साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी तरुणपणी बेळगावात भरतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली, आणि पुढे 1880 साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणून मराठी नाटकाला नवे वळण दिले. हौशी तरुणांच्या मंडळीत हात घोटला गेला नसता, तर ते वळण मिळते ना! पुढे 1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या शिस्तीत तयार झालेल्या स्वयंसेवकांनी तेथे सेवा केली. वाचनालय, नाटकमंडळी आणि स्वयंसेवक पथक अशा तीन तऱ्हांच्या संघटना एकाच गावाने पाहिल्या आहेत.

आज याच धर्तीवर काय करता येईल? पहाटे रस्त्यांवर धावणारी मुले आपण रोज पाहतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथेच असल्यामुळे भरतीचे स्वप्न घराघरांत आहे. पण धावणे, आहार आणि लेखी परीक्षेचा अभ्यास यांचा एकत्र विचार करणारे धावकांचे मंडळ किती गल्ल्यांत आहे? उद्यमबागेतील ओतकामाच्या भट्ट्या आणि यंत्रशाळा हाकेच्या अंतरावर आहेत; तेथील अनुभवी कारागिराने आठवड्यातून दोन तास चार मुलांना मोजमाप शिकविले, तर कारागिरांचे मंडळ उभे राहील. खेड्यांत बासमती आणि रताळी पिकविणाऱ्या घरांतील तरुणांना शेतीमंडळ हवे. बियाणे, खत आणि बाजारभाव यांची वही त्यांनी स्वतः ठेवावी. मलप्रभेचा उगम खानापूर तालुक्यात कणकुंबीस आहे, हे पुस्तकात पाठ करणाऱ्या मुलांनी तो एकदा पायी जाऊन पाहावा. राजहंसगडाची चढण चढावी. भीमगडच्या जंगलातील पाखरांची नावे शिकावीत. हे निसर्गमंडळाचे काम. आणि मुलींसाठी शाळेची एक खोली, ठरलेली वेळ व घरी सुखरूप पोहोचण्याची सोय एवढे केले, तर त्यांचे मंडळ त्या स्वतःच चालवतील.

येथे एक आक्षेप हटकून निघेल. अशी निरनिराळी मंडळे काढली तर एकी फुटेल, मोर्चाला माणसे कोठून येणार, असे काही पुढारी म्हणतील. चळवळीचे बळ केवळ डोकी मोजून ठरविणाऱ्यांना असे वाटणे साहजिक आहे. त्यांनी राष्ट्र सेवा दलाचे उदाहरण पाहावे. 1941 साली या दलाची उभारणी झाली, तेव्हा मैदानावरची कवाईत, बौद्धिके आणि कलापथक ही तिन्ही अंगे हळूहळू वाढविली गेली. वसंत बापट, पु. ल. देशपांडे यांच्यासारखी माणसे त्या कलापथकात वावरली; निळू फुले, दादा कोंडके त्यातूनच पुढे आले. यामुळे दल दुबळे झाले असे कोण म्हणेल? शेजारच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही पेठांतील तालमींची नावे आज फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. तालमीने चेंडू हाती घेतला म्हणून तालमीची एकी मोडली नाही. जो तरुण रोज कोठेतरी काही शिकतो, तोच प्रसंगी पाय रोवून उभा राहतो. ज्याला केवळ घोषणेपुरते बोलाविले, तो घोषणा संपताच घरी जातो.

मात्र मंडळ काढणे सोपे, टिकविणे अवघड. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरविले, तेव्हा श्रीमंतांच्या शाळांतील व कामगारवस्तीतील मुले एकत्र करून त्यांच्या चार छोट्या तुकड्या पाडल्या, आणि प्रत्येक तुकडीवर मुलांतलाच एक नायक नेमला. लहान तुकडीत कोणी लपू शकत नाही आणि कोणी विसरला जात नाही, हे त्यातील मर्म आहे. आपल्या मंडळांनीही पंधरा-वीस सभासदांवर थांबावे, अधिक झाले तर दुसरे काढावे. आठवड्याचा एक वार ठरलेला असावा. प्रमुख एकाच वर्षापुरता निवडावा. जमाखर्च दर महिन्यास भिंतीवर लावावा. वडीलधाऱ्यांनी जागा, अवजारे आणि सल्ला द्यावा; खुर्ची मागू नये. नोंदणीची भीतीही बाळगू नये : 1960 च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात जण एकत्र आले म्हणजे संस्था नोंदविता येते. सात माणसे जमत नाहीत अशी गल्ली आम्हांस तरी ठाऊक नाही.

पैशांचे काय, असे कोणी विचारील. त्यासाठी नवीन वर्गणी नको आणि कोणा दात्याचे उपकारही नकोत. येत्या गणेशोत्सवाच्या पावत्या छापण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने बैठकीत एकच ठराव करावा : जमलेल्या वर्गणीचा दहावा हिस्सा बाजूस काढून त्यातून आपल्या गल्लीत वर्षभर चालणारे निदान एक मंडळ काढायचे, आणि ते कोणते, हे तेथील तरुण-तरुणींनीच ठरवायचे. पुढील वर्षी वर्गणीस जाताना त्यांच्या हाती पावतीपुस्तकाबरोबर वर्षभराच्या कामाची वहीही असेल. ती वही पाहून कोणता गृहस्थ दार लावून घेईल?