‘विकी’वरचे विज्ञान आणि श्रेयाचा पेच
- खास प्रतिनिधी

प्रयोगशाळेची दारे लावून संशोधन करायचे आणि शोधनिबंध छापून येईपर्यंत कोणाला थांगपत्ता लागू द्यायचा नाही, ही विज्ञानजगताची जुनी रीत. वास्तविक ‘वर्ल्ड वाइड वेब’ जन्माला आले तेच मुळी शास्त्रज्ञांच्या सोयीसाठी. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी त्याचा आराखडा मांडला, तो संशोधकांना परस्परांची माहिती सहज मिळावी म्हणून. पुढे सामान्य माणसाने या माध्यमावर ज्ञानकोश उभा केला. शास्त्रज्ञ मात्र आपली वही उघडी करण्यास बराच काळ कचरत राहिले.

ही कोंडी फोडण्याचा सर्वात गाजलेला प्रयत्न गणितात झाला. केंब्रिजचे गणितज्ञ आणि फील्ड्स पदकाचे मानकरी टिमोथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर एक प्रश्न टाकला: अनेकांनी मिळून, सर्वांदेखत गणित सोडवता येईल काय? त्यासाठी त्यांनी निवडला ‘डेन्सिटी हेल्स-ज्युएट’ हा सिद्धांत. फुली-गोळ्याचा खेळ पुरेशा अधिक मितींच्या जाळ्यात मांडला आणि त्यातील ठरावीक प्रमाणात घरे निवडली, तर कोठे ना कोठे एक सरळ रेघ पूर्ण होणे अटळ असते, असे तो ढोबळमानाने सांगतो. त्याची सिद्धता १९९१ मध्ये मिळाली होती, पण ती फार अवजड साधनांची होती. हवी होती सोपी वाट.

अर्धवट सुचलेली कल्पनाही लगेच मांडायची, एकट्याने कोपऱ्यात बसून गणित पुढे न्यायचे नाही, असा दंडक ठरला. चर्चा ब्लॉगवर होई आणि तिचे सार विकीवर नोंदले जाई. विकी म्हणजे कोणालाही लिहिता-खोडता येणारी सामायिक वही. मात्र कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद तीत कायम राहते. टेरेन्स टाओ यांच्यासारखे दिग्गज त्यात उतरले, तसे अपरिचित गणितज्ञही. सुमारे सहा आठवड्यांत उत्तर हाती आले आणि शोधनिबंधावर लेखक म्हणून नाव लागले ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’. या नावाचा माणूस अस्तित्वातच नाही!

समूहाची ताकद, समूहाची मर्यादा

२०१३ मधील दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. यितांग झँग यांनी त्या वर्षी सिद्ध केले की, परस्परांतील अंतर सात कोटींहून कमी असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ‘पॉलिमॅथ’च्या मंडळींनी हे अंतर काही आठवड्यांतच ४,६८० पर्यंत खाली आणले. पुढची झेप मात्र स्वतंत्रपणे काम करणाऱ्या जेम्स मेनार्ड या तरुण गणितज्ञाने घेतली. नव्या पद्धतीने त्याने ते ६०० वर आणले. त्यानंतर मेनार्डही समूहात सामील झाला आणि २०१४ मध्ये मर्यादा २४६ वर आली. सापडलेली वाट रुंद करण्यात समूहाचा हात कोणी धरणार नाही. नवी वाट मात्र येथे दोन्ही वेळा समूहाबाहेरच्या माणसाला सापडली.

गणिताला निदान रसायने, उपकरणे आणि पेटंट लागत नाहीत. प्रयोगशास्त्रांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी २००६ मध्ये ‘ओपन नोटबुक सायन्स’ची कल्पना मांडली आणि आपल्या प्रयोगांच्या नोंदी, फसलेल्या प्रयोगांसह, विकीवर ठेवल्या. फसलेला प्रयोग सहसा छापला जात नाही, म्हणून तो दुसरा कोणी पुन्हा करून पुन्हा फसतो. हा अपव्यय त्यातून टळू शकतो. तरीही ब्रॅडलींच्या वाटेने जाणारे थोडेच निघाले.

भारतातही हा प्रयोग झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) २००८ मध्ये क्षयरोगावरील औषधाच्या शोधासाठी खुला प्रकल्प सुरू केला. क्षयाचे बहुसंख्य रुग्ण गरीब, त्यामुळे बड्या औषध कंपन्यांना त्यात नफा दिसत नाही. ती उणीव लोकसहभागाने भरून काढावी, हा हेतू. क्षयाच्या जिवाणूच्या जनुकांची माहिती संकलित करण्यात २०१० मध्ये देशभरातील विद्यार्थ्यांनी भाग घेतला. माहितीची जुळणी अशी हजार हातांनी होते. औषधाच्या रुग्णांवरील चाचण्यांना मात्र इस्पितळे, वर्षे आणि पैसा लागतो. ते विकी पुरवू शकत नाही.

खरी अडचण तंत्राची नाहीच, श्रेयाची आहे. नेमणूक, बढती आणि अनुदान ठरते ते नावावरच्या शोधनिबंधांवरून. गॉवर्स वा टाओ यांनी सामूहिक नावाआड राहणे पत्करले, कारण त्यांची कीर्ती आधीच प्रस्थापित होती. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने आपली कल्पना चव्हाट्यावर मांडली आणि दुसऱ्याने ती आधी छापली, तर त्याच्या हाती काय उरते? गंमत अशी की, याचे उत्तर विकीपाशीच आहे. कोणती कल्पना कोणाची आणि कोणत्या क्षणाची, याचा एवढा चोख पुरावा बंद वहीत मिळत नाही. निवड समित्यांनी हा पुरावा मोजायला सुरुवात केली, तरच तरुण संशोधक आपली वही उघडतील. तोवर खुले विज्ञान ही नाव झालेल्यांनाच परवडणारी गोष्ट राहील.