मिनारा मशिदीच्या गल्लीत पाहुण्यासारखे जावे

रमजान सुरू झाला की संध्याकाळी विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एक वेगळी गर्दी दिसते. एरवी या वेळी लोक मुंबईहून घरी परतत असतात. हे मात्र घरून मुंबईला निघालेले असतात. कॉलेजची मुले, ऑफिसातला ग्रुप, कधी अख्खे कुटुंब. त्यांत हिंदू असतात, वसईचे ख्रिस्ती असतात. ठिकाण ठरलेले, मोहम्मद अली रोड. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पहिल्यांदा जाणारे अनेकजण दोन समजुती घेऊन निघतात. एक, ती खाऊगल्ली आहे. दुसरी, तिथे जरा जपूनच राहावे लागते. दोन्ही समजुती अर्धवट आहेत.

मोहम्मद अली रोड ही आधी वस्ती आहे. दुकानांच्या वरच्या मजल्यांवर लोक राहतात, मुले परीक्षेचा अभ्यास करतात, आजारी माणसे झोपतात. वसईकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रविवारी राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मुंबईचे पाहुणे येतात, तेव्हा बाटल्या टाकून जाणारा कोण आणि गावाला गाव समजून वागणारा कोण, हे इथल्या माणसाला लगेच कळते. तिकडे जाताना तेवढे भान ठेवले तरी निम्मे काम झाले.

आता जायचे कसे? गाडी नेऊ नये. पार्किंग मिळत नाही, आणि नवखा चालक जे. जे. उड्डाणपुलावर चढला तर सगळा बाजार पुलाखाली राहतो व तो थेट क्रॉफर्ड मार्केटला उतरतो. दुचाकींना तर त्या पुलावर बंदीच आहे. मरीन लाइन्सला उतरून काळबादेवी, झवेरी बाजारातून चालत जावे. वाटेत मुंबादेवीचे मंदिर लागते आणि तिथून जवळच १८०२ साली पूर्ण झालेली, तळ्यावर उभी असलेली जामा मशीद. दादरला गाडी बदलून मस्जिद स्थानकावरही उतरता येते. त्या स्थानकाच्या नावामागची मशीद मुस्लिमांची नसून, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंनी १७९६ साली उभारलेले प्रार्थनास्थळ आहे, असे सांगतात. सात बेटे जोडून झालेल्या शहराला ते शोभतेही.

वेळेचे गणित मात्र नीट समजून घ्यावे. मार्चच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. तोवर जवळपास तेरा तास, दमट उकाड्यात, पाण्याचा घोटही न घेतलेली माणसे खजुराने रोजा सोडतात आणि मगरीबच्या नमाजला उभी राहतात. कढईपुढचा कारागीरही बहुधा रोजेदारच असतो. म्हणून अजानच्या आधी-नंतरच्या अर्ध्या तासात ऑर्डरची घाई करू नये. आठच्या पुढे इशाची नमाज आणि तरावीह होते. ती संपली की दहाच्या सुमारास खरी गर्दी उसळते आणि सहरीपर्यंत राहते. मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील तर साडेसात ते नऊ ही वेळ धरावी. शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या खरेदीची रेटारेटी असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवातीचे दिवस निवडावेत. परतीच्या शेवटच्या विरार लोकलची वेळ आधीच पाहून ठेवावी.

खाण्याबाबत संकोच नको. तिथल्या मालपुव्यात अंडे असते, हे शाकाहारी माणसाने लक्षात ठेवावे. त्याने मातीच्या वाडग्यातली फिरनी किंवा मावा जिलेबी घ्यावी. नळी निहारी ‘बडे’ची म्हणजे म्हशीची, की ‘छोटे’ची म्हणजे बकऱ्याची, हे विचारण्यात काही गैर नाही, विक्रेता सरळ सांगतो. फोटो काढावेत, पण मालपुव्याचे. नमाज पढणारा माणूस, बुरख्यातली बाई, रोजा सोडणारे लहान मूल यांच्यावर मोबाइल रोखण्याआधी विचारावे. मशीद आतून पाहायची असेल तर दारात विचारावे आणि चपला बाहेर ठेवाव्यात.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. तो दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर मोठ्याने द्यायला हवे. मध्यरात्रीनंतरही तिथे बायका मुलांना घेऊन बांगड्या, कपडे विकत घेत फिरत असतात. भीती आहे ती पाकीटमारांची. जीवदानीच्या नवरात्रातल्या गर्दीत पाकीट जसे सांभाळावे, तसेच इथे सांभाळावे. त्याहून अधिक नाही.

एवढे सांगून झाल्यावर एक अवघड गोष्ट उरते. विरार ते चर्चगेट अंतर साठ किलोमीटर. मालपुव्यासाठी एवढे अंतर कापणाऱ्याला आपल्याच इमारतीत कोण रोजा धरतो, हे अनेकदा माहीत नसते. काही सोसायट्यांमध्ये तर मुस्लिम भाडेकरू ठेवायचाच नाही, असा अलिखित नियम चालतो, आणि तिथलीच मंडळी दरवर्षी मिनारा मशिदीपुढचे फोटो हौसेने टाकतात. पदार्थ आवडतात, शेजार नको. हे त्या गल्लीत रात्रभर फिरूनही सुटत नाही, कारण गर्दीत विक्रेता आणि गिऱ्हाईक भेटतात, माणसे फारशी भेटत नाहीत.

उपवास म्हणजे काय, हे वसईला नवीन नाही. एकादशी करणारी आजी आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ पाळणारे ख्रिस्ती कुटुंब एकाच वाडीत सापडते. त्यामुळे मोहम्मद अली रोडला जरूर जावे, पण त्याआधी किंवा नंतर एकदा नालासोपाऱ्यातल्या, विरारमधल्या, आपल्याच जिन्यावरच्या रोजेदाराच्या घरीही जावे. आमंत्रण आले तर टाळू नये. नाही आले तर ‘एकदा इफ्तारला येऊ का?’ असे विचारावे. असा प्रश्न ऐकून दार बंद करणारे घर सहसा सापडत नाही. अजानच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे. हातात काही न्यायचेच असेल तर वसईची केळी न्यावीत. खजुरानंतर फळे लागतातच.