शंभर यार्डांच्या आतले गोल्फ

टोकियो ऑलिंपिक २०२१ साली पार पडले, तेव्हा बंगळूरची अदिती अशोक जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानी होती. पहिल्या फटक्याच्या लांबीत ती अनेक प्रतिस्पर्धिनींच्या मागे असे. तरीही चार दिवसांअखेर ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. पदक गेल्याची हळहळ देशभर झाली. ही मजल मुख्यतः पटरच्या बळावर मारली गेली, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही.

आपल्याकडील हौशी खेळाडू सरावाला येतो तो बादलीभर चेंडू लांब पिटाळण्यासाठीच. (वय पन्नाशीपुढे गेले की हा सोस वाढतो, हे विशेष.) वास्तविक ७२ फटक्यांच्या मैदानात प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटरचेच धरलेले असतात. यावर आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. अमेरिकेतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांची छाननी करून दाखवून दिले की, चांगल्या खेळाडूची आघाडी सुमारे दोन-तृतीयांश लांब फटक्यांतून येते. परंतु फरक कोठे पडतो हा एक प्रश्न आणि तो कोठे भरून काढता येईल हा दुसरा. पन्नाशीच्या गृहस्थाच्या फटक्यात चाळीस यार्डांची भर पडणे नाही. हिरवळीच्या कडेवरून वाया जाणारे फटके मात्र त्याला खात्रीने वाचवता येतील.

तेथील मूळ दोष एकच. चेंडू हवेत उचलण्याच्या खटपटीत खेळाडू मागच्या पायावर रेलतो, मनगटे झटकतो आणि काठी एक तर जमिनीत रुतते किंवा चेंडूच्या माथ्यावर बसते. चेंडू उचलण्याचे काम तिरप्या पात्याचे आहे, खेळाडूचे नव्हे. भार पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, मनगटे शांत, आणि नजर झेंड्याऐवजी चेंडू जेथे टेकवायचा त्या जागेवर असली की निम्मे काम झाले. वाळूत तर चेंडूला स्पर्शही करायचा नसतो. त्याच्या मागची वाळू उडवायची असते. जीन साराझेनने वेजचा तळ जाड करून ती रुतणार नाही अशी सोय केली आणि १९३२ साली ब्रिटिश ओपन जिंकली.

या विद्येला जागा थोडी लागते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. अठरा होलच्या मैदानाला शंभराहून अधिक एकर लागतात. चिप आणि पटरच्या सरावाला काही गुंठे पुरतात. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर (१९९१) हा दिल्लीतील मैदानावरचा कॅडी होता. आज कॅडींची मुले त्याच हिरवळीच्या कुंपणाबाहेर उभी असतात. मैदान सभासदांसाठी बंद असते त्या दिवशी सरावाची हिरवळ या मुलांना खुली करण्यास क्लबांना एक ठराव आणि दोन जुन्या वेज एवढाच खर्च येईल.