कुंकवाचं माप



संक्रांतीला आमच्या वस्तीतल्या बायकांनी विधवांनाही हळदीकुंकवाला बोलावलं. माझी मावशी गेली. खानापूर तालुक्यातली, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. कुंकू लावलं, वाण दिलं, फोटो निघाला. रात्री भाकरी थापताना म्हणाली, "कुंकू लावलं रं त्यांनी. घराच्या उताऱ्यावर माझं नाव कवा लावणार?"

बायकांच्या चळवळीला हे कुंकवाचं माप दिलं कुणी? जुन्या सातारा जिल्ह्यातल्या दोन पोरींकडं बघा. एक नायगावची सावित्री, जन्म १८३१. दुसरी देवराष्ट्रे गावची यमुना, जन्म १८६२; ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ साली सत्यशोधकांनी भटाशिवाय लग्न लावलं, सावित्रीबाई त्यात पुढं होत्या. त्याच साली अकरा वर्षांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांची दुसरी बायको झाली. यमुनेची रमाबाई झाली. विधवाविवाहाची बाजू मांडणारे रानडे बापापुढं वाकले. रमाबाई घरातल्या बायकांचे टोमणे खात शिकल्या, पुढं पुण्यात सेवासदन उभं केलं. त्यांचे कष्ट खोटे नव्हते. वाट मात्र दुसऱ्यांनी आखलेली.

कारण पुण्यात धर्माचं वारं सुटलं होतं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं वय दहाचं बारा, एवढंच! टिळकांनी विरोध केला, सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून. सुधारकही शास्त्रातले आधार शोधत बसले. पोरीचं शरीर राहिलं बाजूला, वाद पोथीचा झाला. १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली बाटतील अशी ओरड झाली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

धर्माच्या पुनरुज्जीवनाचं हेच कसब. ते बाईला सरळ नाही म्हणत नाही. आधी धर्माची सही आण, म्हणतं. मग चळवळीचा अर्ज होतो. आणि शेण काढणारी, रोजानं खुरपणारी बाई त्या अर्जात मावतच नाही. हिंदू कोड बिलाकडंही हीच सही मागितली. बिल अडलं, १९५१ साली बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

दुसरी वाटही याच मातीतली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लोक टीव्हीवरच्या रामायणाला हार घालत होते. त्याच दशकात सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसोबत नवऱ्यानं टाकलेल्या बायका रस्त्यावर आल्या. त्यांनी सीतेसारखी अग्निपरीक्षा दिली नाही. वेगळं रेशनकार्ड मागितलं, घराला जागा मागितली.

२०२२ साली शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. चांगलं केलं. पण नुसतं कुंकू परत देऊन भागत नाही. ज्या मापानं बाईची किंमत केली, ते माप तसंच राहतं.

आता आपल्याकडं बघू. १९२७ च्या महाडची आठवण म्हणून आपण दर २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळतो. जाळायलाच पाहिजे. पण त्या रात्री घरी जाऊन उतारा काढून बघा, नाव कुणाचं आहे? मावशीचा अर्ज मी ग्रामपंचायतीत टाकलाय. दीर आडवा आलाय. निळा झेंडा त्याच्याही दारावर आहे.

जय भीम.