खटपट कोपरा : पुढे पाटे की स्प्रिंग?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात वसईहून नववीतल्या एका मुलाचं पत्र आहे. त्याच्या बाबांनी जुन्या जीपची चॅसी आणलीय आणि बापलेक मिळून वाडीत चक्क 'हॉट रॉड' बनवणार आहेत! घरात भांडण मात्र एकाच गोष्टीवरून आहे. बाबा म्हणतात, पुढे जीपचेच पाटे राहू दे. चिरंजीव म्हणतात, भंगारातून मारुती ८०० चं स्प्रिंगवालं सस्पेन्शन आणून बसवू, गाडी मऊ चालेल.

हॉट रॉड म्हणजे काय, ठाऊक आहे ना? १९३० नंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियातली पोरं फोर्डच्या जुन्या, स्वस्त गाड्या घेत, मडगार्डं काढून फेकत, इंजिन तगडं करत आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानात त्या पळवत. त्या फोर्डना पुढे एक अखंड ॲक्सल आणि त्यावर एकच आडवा पाटा असायचा. आपल्याकडेही असे खटपटे आहेत बरं का! सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून मुलासाठी छोटी जीप बनवली. तीही कशी? किक मारून सुरू होणारी! २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर गाजला.

आता एक प्रयोग करा. पेन्सिलीच्या दोन्ही टोकांना बाटलीची झाकणं चाकांसारखी बसवा आणि एका झाकणाखाली खोडरबर सरकवा. काय झालं? दुसरं झाकणही तिरपं झालं! अखंड ॲक्सलचं दुखणं हेच. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही त्याचा त्रास. मारुतीत तसं होत नाही, तिथे पुढचं प्रत्येक चाक आपापल्या स्प्रिंगवर स्वतंत्र वरखाली होतं. म्हणजे चिरंजीव जिंकले? थांबा जरा.

मारुती ८०० च्या पुढच्या चाकाला 'मॅकफर्सन स्ट्रट' असतो. शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक उंच खांबच समजा. या खांबाचं वरचं टोक गाडीच्या बॉडीत घट्ट धरलेलं असतं. जीपच्या चॅसीला तेवढ्या उंचीवर आहे काय? काहीच नाही! म्हणजे बॉनेटपर्यंत पोचणारे दोन बुरूज वेल्डिंग करून उभे करायचे. वळणावरचा रेटा, खड्ड्यातला हिसका, सगळं त्यांच्यावर. त्यातला एक जरी वाकला, तर चाकाची दिशाच बदलली. शिवाय मारुतीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे तिचे हबही त्या हिशेबाने बनलेले.

बरं, विशबोन बसवले तर? प्रीमियर पद्मिनीला पुढे तेच असायचे, म्हणजे कोंबडीच्या छातीतल्या दुबेळक्या हाडासारखे आडवे हात, आणि जोडीला स्प्रिंग. (मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.) रचना उत्तमच. पण हे हात जिथे चॅसीला धरतात ती भोकं जरा जरी चुकली, तर चाक वर जाताना स्टिअरिंगचा टाय रॉड एका चापात फिरतो आणि हात दुसऱ्याच चापात. तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलेलं असतं, खड्डा येतो आणि चाक आपलं आपणच वळतं! पावसाळ्यातले आपल्या वसईचे रस्ते आठवा, म्हणजे हे किती वेळा होईल ते कळेल.

माझं मत बाबांच्या बाजूला आहे. पाटा एकाच वेळी दोन कामं करतो. धक्का झेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. भाग कमी, आणि त्याचे ब्रॅकेट कंपनीनेच चॅसीवर मोजूनमापून लावलेले. एक अडचण आहे खरी. रिकामा टेम्पो कसा थडाथडा उडतो? कारण त्याचे पाटे भरलेल्या मालासाठी असतात. तुमची हॉट रॉड जीपपेक्षा हलकी झाली, तर तीही तशीच उडेल. तेव्हा इंजिन-बॉडी चढवून, सगळं वजन आल्यावर, माहीतगार मिस्त्रीकडून मधला एखादा पाटा कमी करून घ्या. सर्वांत लांब, मुख्य पाट्याला मात्र हात लावायचा नाही! शॉकअप नवे घ्या, तिथे काटकसर नको.

आणखी एक. सायकल सीटला धरून ढकलली, तर हँडल न धरताही ती सरळ जाते ना? पुढचा काटा मागे कललेला असतो, हे त्यातलं एक कारण. मोटारीतही असाच कल ठेवतात, त्याला 'कॅस्टर' म्हणतात. गाडीचं नाक खाली दिसावं म्हणून नुसती पुढची बाजू दाबून बसवली, की हा कल कमी होतो आणि गाडी भरकटते. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून तो पुन्हा मिळवता येतो.

आईबाबांनो, आता तुमच्यासाठी. घरी बनवलेली गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि नव्या बनावटीला नोंदणीआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. लोहारांच्या जीपबद्दल आनंद महिंद्रांनीही हेच म्हटलं होतं. नियमांमुळे ती आज ना उद्या थांबवली जाईल, म्हणून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत दिलीही. तेव्हा ही गाडी वाडीच्या कुंपणाच्या आतच, तीही बाबा शेजारी असताना. वालीव, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत वेल्डर पुष्कळ मिळतील, पण स्टिअरिंगचा कुठलाही भाग तापवून वाकवू किंवा जोडू नका. तो बदलायचाच.

गाडी पहिल्यांदा हलवण्याआधी पुढची बाजू जॅकने उचला आणि चॅसीखाली भक्कम ठोकळे लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. मग चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट आली, तर किंगपिन किंवा बेअरिंग झिजलंय. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर आली, तर टाय रॉडची टोकं बघा.

पुढच्या आठवड्यात ब्रेककडे वळू.